माळ्यावरची होडी

"घास घास घासली तरी मेलीच्या तोंडावर तेज नाय. बघतेय कशी, उपाशी म्हशीसारखी!"

हे माझं कौतुक चाललं होतं, मित्रांनो. देवकीबाय गुडघ्यांवर बसून माझ्या अंगावर वाकली होती. तिचं नाक माझ्यापासून वीतभर लांब, त्यामुळे एकही शब्द वाया गेला नाही.

मी एक जुनी लाकडी जमीन आहे. वरोर गावात, समुद्राच्या अगदी जवळ, नारू तांडेलच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी पसरलेली आहे. पण जन्माने मी जमीन नाही. मी होडी होते.

तलासरीच्या बाजूचे साग कापून माझ्या फळ्या निघाल्या आणि वरोरच्याच किनाऱ्यावर माझी होडी बांधली गेली. नारू तेव्हा ऐन जवान होता. जाळं ओढताना त्याच्या टाचा माझ्यावर रोवल्या जायच्या. परत आलो की खवले, चिखल, कोळंबीच्या मिशा, सगळी घाण खाऱ्या पाण्याच्या बादल्यांनी धुऊन निघायची. खारं पाणी मला मानवायचं. फळ्या फुगून एकमेकींना घट्ट धरायच्या. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा झाली, पावसाळ्यासाठी होडी वर ओढली, की मला मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल मिळायचं. त्या तेलाला असा वास, की लग्नाच्या हळदीतही नारूच्या अंगाला तोच येत होता. देवकीबाय अजून ते ऐकवते.

होडीवर एक रीत होती. कुठे फट दिसली, तळाला ओल लागली, की ज्याला पहिली दिसेल त्याने ओरडायचं, "पाणी शिरलंय!" मग तो होडी हाकणारा तांडेल असो की काल आलेला खलाशी. चूक कुणाची, हे समुद्रात कुणी विचारत नसे. ते किनाऱ्याला लागल्यावर.

मग फायबरच्या होड्या आल्या. मी म्हातारी ठरले. मला सरपणात घालायचं चाललं होतं, पण नारूने ऐकलं नाही. "हिच्या जिवावर घर उभं राह्यलं, आता हिलाच घरात घेतो," म्हणाला, आणि माझ्या फळ्या माळ्यावर ठोकून घेतल्या.

वर दोन खोल्या. मागच्या खोलीत नारू आणि त्याची बायको देवकीबाय राहतात. तिथे अजून माझं जुनं अंग आहे, तेल प्यालेलं, सावळं. पुढची खोली मुलाची, जिग्नेशची. जवळच डहाणूला समुद्र बघायला लोक येतात, त्यांना राहायला खोली द्यावी असं जिग्नेशच्या मनात आलं. त्याने आशागडच्या शुक्रा पॉलिशवाल्याकडून पुढच्या खोलीत माझ्या अंगावर काचेसारखा चकचकीत थर चढवून घेतला. खालच्या हॉलला पांढरंशुभ्र पीओपीचं छत ठोकलं. एकाच अंगावर दोन कातडी झाली माझी.

शुक्रा जाताना सांगून गेला, "कोरड्या झाडूने झाडा. फडकं घट्ट पिळून फिरवा. पाणी ओतू नका, वर तेल लावू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकलं मात्र ज्याने त्याने आपल्या सोयीचं.

जिग्नेशची बायको भाविनी गुजरातेतल्या उंबरगावकडची, टापटिपीची. तिने बाजारातून फरशीचं वासाचं औषध आणलं आणि मागच्या, तेलाच्या खोलीतही तेच फिरवलं. माझ्यातलं तेल निघून गेलं, अंग राखेसारखं पांढुरकं पडलं.

"भावी, ही काय टाइल हाय?" देवकीबाय कडाडली.

"आई, वास किती येतो! पाहुणे वर आल्यावर नाक धरतील ने?"

"नाक धरू दे. वासाने कोण मेला हाय?"

आणि सासूने काय केलं? सुनेच्या खोलीची माया आली म्हणून चकचकीत अंगाला तेल चोळलं. तेल प्यायला तिथे तोंडच उघडं नव्हतं. ते वरच राहिलं. भाविनी दुसऱ्या दिवशी चहाच्या ट्रेसकट घसरून आपटली.

"मारायचं होतं तर सांगायचं तरी, आई!"

"उठ उठ. काय फुटलं? कप फुटले? मग ठीक हाय."

हसू नका, मित्रांनो. खरी गोष्ट पुढेच आहे. तेल काढायचं म्हणून देवकीबायने तिला येत होतं तेच केलं. समुद्राच्या पाण्याची बादली आणली आणि होडीसारखं मला खळखळून धुतलं. मग रोजच धुऊ लागली. होडीला जे औषध, ते जमिनीला विष कसं असेल, तिला कसं सुचावं? मलाही आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. किती दिवसांनी ती चव जिभेवर आली!

पण होडीत पाणी वाहून जायचं, वर ऊन असायचं, वारा असायचा. इथे पाणी फळ्यांच्या सांध्यांतून आत गेलं आणि अडकलं. वर काचेचा थर, खाली पीओपीचं छत. ना वर श्वास, ना खाली. खिडकीजवळची माझी एक फळी आतून मऊ होऊ लागली. तिच्याखालचा वासाही ओल धरून बसला.

हे पहिलं कळलं नारूला. त्याने बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. चांगली फळी खणखणते, ही भद्द वाजली. कुणाला बोलला नाही. बोलला असता तर मला उखडून टाइल्स बसवल्या असत्या. त्याने जाळ्यांची जुनी पेटी ओढून त्या फळीवर ठेवली.

मग खालच्या छतावर पिवळा डाग आला. जिग्नेशने स्टुलावर चढून त्यावर पांढरा रंग फासला. डाग परत आला. त्याने परत फासला. खोली त्याच्या हट्टाने झाली होती, आता ती बुडाली असं कोणत्या तोंडाने सांगणार?

केर काढताना भाविनीच्या झाडूची काडी पेटीच्या कडेच्या फटीत शिरली ती पार आत गेली. तिने झटकन काढून घेतली. औषध तिने फिरवलं होतं, बोल तिलाच लागला असता. देवकीबायच्या टाचेला पेटीशेजारी मऊ लागलं तेव्हा तिने पाय असा उचलला, जणू निखाऱ्यावर पडला होता. पाणी कुणी ओतलं, ते तिला ठाऊक होतं.

तेव्हापासून चौघंही त्या फळीला वळसा घालून चालू लागली. प्रत्येकाला वाटे, आपल्यालाच माहीत आहे. मला बोलता येत नाही. फक्त कुरकुरता येतं, आणि कुरकुरणाऱ्याचं घरात कोण ऐकतं?

एवढं मात्र आत्ताच सांगून ठेवते, मित्रांनो, कारण नंतर वेळ मिळणार नाही. घरात लाकडी जमीन असली तर आधी तिच्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तिच्यावर थर आहे. तिला तेल नको, साबण नको, पिळलेलं फडकं पुरे. थेंब आत जिरला आणि डाग काळा पडला तर ती तहानलेली आहे. तिला तेल हवं. बादली दोघींनाही नको. आणि कुठे मऊ लागलं, तर त्यावर काही झाकू नका.

तर, पहिले पाहुणे आले. नाशिकचं कुटुंब, त्यांच्या नीलम आणि शीतल या दोन मुली. सकाळीच जिग्नेशने पेटी मागच्या खोलीत ढकलली होती आणि त्या जागी फुलांची लाल चटई अंथरली होती. नारूने ते दारातून पाहिलं. जिग्नेशने बापाकडे पाहिलं. दोघेही एकदम दुसरीकडे बघू लागले.

"छान आहे हो खोली!" मुलींची आई म्हणाली. "लाकडाची जमीन आजकाल कुठे बघायला मिळते?"

"मजबूत हाय," जिग्नेश म्हणाला. त्याने पायाच्या बोटाने चटईची कड सरळ केली.

"चटई नको काढू ने," भाविनी मुलींना म्हणाली. "म्हणजे... इकडे खेळा, पलंगाकडे."

पण मुलींना चटईच आवडली. दोघींनी हात धरले, पाय जुळवले, आणि फुगडी सुरू केली. पावलं माझ्यावर थाड थाड पडू लागली. मऊ फळीने दाब घेतला आणि वाकली. वाशाचं टोक भिंतीतून जरासं सरकलं. मी जिवाच्या आकांताने कुरकुरले.

"किती गोड आवाज करते ना जमीन!" मुलींची आई हसली.

देवकीबायच्या हातात पोह्यांच्या बश्या होत्या. त्या तिने पलंगावर टेकवल्या. भाविनीने पदराचं टोक तोंडात धरलं. जिग्नेश एक पाऊल पुढे आला आणि थांबला. मुली गिरकी घेत होत्या, वेण्या हवेत, आणि खाली हॉलच्या पांढऱ्या छतातून चुन्याची बारीक धूळ गळू लागली होती.

"पाणी शिरलंय!"

नारूचा आवाज मागच्या खोलीच्या दारातून आला. भर वादळात खलाशांना ऐकू जाईल असा. कित्येक वर्षांत मी तो ऐकला नव्हता. मुली जागच्या जागी थिजल्या. आणि जिग्नेश, जो लहानपणी माझ्यावर पाणी उपसायला असायचा, त्याचे पाय डोक्याला न विचारता धावले. त्याने दोघींना दोन बगलांत उचललं आणि भिंतीकडे नेलं.

"काय झालं?" मुलींची आई घाबरून विचारत होती. "कुठे आहे पाणी?"

जिग्नेशने आईकडे पाहिलं, आईने सुनेकडे, सुनेने चटईकडे.

नारू हळूहळू गुडघ्यांवर बसला. त्याने चटई गुंडाळून बाजूला केली. माझ्या त्या फळीवर तळहात ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"फळी कुजलीय," तो म्हणाला. "वासापण. माझी होडी कुजलीय."