गाडीला हात लावू नका

माझ्या मुलाची, गार्लंडची मोटारसायकल दुरुस्त करा असं मी सांगितलं. त्याचा दोस्त हॉइट, त्याने नाही, बाकीच्या मित्रांनी नाही, मी. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी मला वाचवायला जायला नको.

आमच्या डोंगरात मोटारसायकल चालवणाऱ्यांची एक रीत आहे. त्यांच्यातला कुणी पडला, तर तो इस्पितळातून घरी यायच्या आत बाकीच्यांनी त्याची गाडी पुन्हा धड करून ठेवायची. मोडकी गाडी अंगणात पडून राहिली तर ती आपल्या माणसाला परत रस्त्यावर पाडते, असं म्हणतात. मी सहावीत शाळा सोडून मोज्यांच्या गिरणीत गेले, पण खुळी नाही. तरीही माझ्या नवऱ्याची मोडकी गाडी कोठाराच्या मागे गंजत पडली होती आणि त्याच वर्षी तो गेला. हृदयाने गेला असं डॉक्टर सांगतात. सांगू देत.

म्हणून ऑक्टोबरात गार्लंड पडला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी हॉइटला म्हटलं, "ती गाडी माझ्या डोळ्यांसमोरून न्या आणि नव्यासारखी करून आणा. पोराने तिला तशी बघता कामा नये." 'पोरगा' एक्केचाळीस वर्षांचा आहे.

झालं असं होतं. नदीकाठच्या वळणावर समोरून एक निळी पिकअप आली आणि गार्लंडची डावी बाजू खरवडत गेली. पिकअपवाला पोलिसांना म्हणाला, मोटारसायकलवालाच रस्त्यामधली पिवळी रेघ ओलांडून माझ्या अंगावर आला. बघणारं कुणी नव्हतं. गार्लंडला वळण आठवतं, आदळणं आठवत नाही. डावा पाय गुडघ्याखाली तीन ठिकाणी मोडला आणि हाडाचा एक तुकडा तर रस्त्यावरच राहिला. डॉक्टरांनी पायाला बाहेरून लोखंडी सांगाडा बसवला आणि सांगितलं, जखम निवळली की कमरेचं हाड काढून तिथे भरू. ते झालं तर पाय राहील, नाहीतर कापावा लागेल. लाकडाच्या वखारीत त्याचे तास कमी केल्यापासून त्याचा आजारपणाचा विमा बंद पडला होता. मोठ्या इस्पितळातला सर्जन म्हणाला, वकिलाचं हमीपत्र आणा, खटल्याच्या भरपाईतून माझे पैसे मिळतील असं. मग मी हात लावतो.

तर सगळं त्या एका कागदावर आलं.

नवव्या दिवशी वकीलबाई इस्पितळात आली. आडनाव प्रिव्हेट, वय माझ्या नातीपेक्षा चार वर्षं जास्त असेल, पायात चिखलाचे बूट. आधी मला वाटलं फरशी पुसायला आली. पण बोलायला लागली तशी मी गप्प झाले, आणि मी सहसा गप्प होत नाही.

"पिकअपवाल्याच्या विमा कंपनीचा माणूस फोन करेल, गोड बोलेल. काही बोलायचं नाही. कशाबद्दल माफीसुद्धा मागायची नाही."

"माफीचं माझ्याकडून काही भय नाही," मी म्हटलं.

ती हसली नाही. "आपल्या राज्यात कायदा कडक आहे, लुरीनबाई. एक टक्का चूक गार्लंडची निघाली, तरी त्याला एक डॉलर मिळत नाही. ते सगळं बळ तिथेच लावणार. पण गाडी आपल्याकडे आहे. निळा रंग कुठे लागलाय, ओरखडे कुठून कुठे गेलेत, यावरून जाणकार सांगू शकतो की रेघ कोणी ओलांडली. सोमवारी माणूस आणते. तोवर गाडीला कुणी हात लावू नका. धूळसुद्धा पुसायची नाही."

गार्लंड उशीवरून म्हणाला, "हॉइटच्या शेडमध्ये असेल. हो ना, आई?"

"हो," मी म्हटलं. आणि पर्स उचलून निघाले.

हॉइटच्या शेडकडे मी गाडी कशी चालवली ते मला ठाऊक नाही. मनात एकच: आळशी आहेत मेले, अजून सुरुवात केली नसेल. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे दुसऱ्याचा आळस मागितला.

गाडी मधोमध उभी होती. लालभडक. चौघेजण भोवती बाळंतिणीचा नवरा उभा राहतो तसे उभे.

"या, लुरीनबाई!" हॉइट म्हणाला. "घरी आरसा फुटला असेल तर टाकीत तोंड बघा."

"जुनी टाकी कुठे आहे?"

"भंगारात. बुधवारी नेली. बाजूचे पत्रे, हँडल, सगळं. आतापावेतो त्याचा ठोकळा झाला असेल." मग त्याने माझं तोंड पाहिलं. "काय झालं?"

मी सांगितलं. मग हॉइट खालच्या आवाजात म्हणाला, "परत ठोकून तशाच खुणा पाडता येतील. निळा रंग डब्यात मिळतो. तीन दिवस आहेत."

मी लगेच 'नाही' म्हटलं नाही. खोटं कशाला लिहू? एका उलट्या बादलीवर बसले आणि त्या टाकीकडे बघत राहिले. गार्लंडचा पाय दिसत होता मला, नसलेला. विजारीचा पाय दुमडून पिन लावलेला.

"फसेल तो माणूस?" मी विचारलं.

"का नाही फसणार?"

मी गिरणीत सदतीस वर्षं मोजे तपासले. कुणी जुन्या विणीत नवा टाका घातला तर मला डोळे मिटून बोटाला कळायचं. तो माणूसही ओरखडे तपासण्यातच म्हातारा झालेला असणार. तो वाकेल, बोट फिरवेल आणि सरळ उभा राहील. मग पायही जाईल, गार्लंडचं नावही जाईल आणि हे चौघे तुरुंगात जातील.

"हातोडा खाली ठेव, हॉइट. तुझ्या हातून खिळा सरळ जात नाही, ओरखडा कुठला जायला."

शुक्रवारी सकाळी मी प्रिव्हेटबाईच्या कचेरीत गेले. चर्चला घालते तो कोट घातला होता. सगळं सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता खटला सोडते म्हणेल.

"समोरचा वकील म्हणेल की पुरावा तुम्ही मुद्दाम नाहीसा केला, कारण तो गार्लंडच्या विरुद्ध होता," ती म्हणाली. "आणि ज्युरीला तसं धरून चालायची मुभा असते."

"आणि हमीपत्र?"

"खटल्याआधी समोरचा वकील तुम्हाला शपथेवर प्रश्न विचारेल. त्यानंतर सांगते. गार्लंडला हे माहीत आहे?"

"मी सांगते त्याला."

"आजच सांगा."

नाही सांगितलं. दर वेळी ठरवून जायचे, मक्याचा पाव आणि बीन्स घेऊन बसायचे, आणि त्याच्या पायातून बाहेर आलेल्या लोखंडी सळ्या बघितल्या की जीभ आत जायची. तो विचारायचा, "जाणकार काय म्हणाला?" मी म्हणायचे, "वकील लोक काही बोलतात का कधी? खा गप." नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. ज्या बाईला अख्खा गाव वचकून असतो, ती आपल्याच मुलाच्या खोलीच्या दाराबाहेर श्वास घेत उभी राहायची.

जानेवारीत शपथेचा दिवस आला. लांब टेबल, एक टाइप करणारी बाई, समोर विमा कंपनीचा वकील, गुळगुळीत, मधाच्या बरणीसारखा. मी खुर्चीत बसते तोच दार उघडलं आणि गार्लंड चाकाच्या खुर्चीतून आत आला.

"हा इथे कशाला?" मी म्हटलं.

"खटला माझा आहे, आई," तो म्हणाला.

मी उजवा हात वर केला. खरं बोलेन अशी शपथ घेतली.

"तुमचं शिक्षण किती?" मधाच्या बरणीने विचारलं.

"सहावी. पास होऊन सोडली."

"मोटारसायकल दुरुस्त करा असं कोणी सांगितलं?"

मी गार्लंडकडे पाहिलं नाही. टेबलाच्या कडेकडे पाहिलं. "मी."

"कारण तिच्यावरच्या खुणा तुम्हाला लपवायच्या होत्या."

"खुणा मी पाहिल्याच नाहीत. बघायची हिंमत झाली नाही. मला भीती वाटली म्हणून मी ती दुरुस्त करवली. खुणांना काही किंमत असते हे मला नवव्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर त्या गाडीला कुणीही हात लावलेला नाही. एकाने विचारलं होतं, परत ठोकू का म्हणून. मी नको म्हटलं. पण विचार करून म्हटलं, तेही लिहा."

प्रिव्हेटबाईने डोळे मिटले. टाइप करणारी बाई थांबली, मग पुन्हा टाइप करायला लागली.

"तुमच्या मुलाला हे कधी सांगितलंत?"

"आत्ता," मी म्हटलं.

तासभर आणखी चाललं. बाहेर आल्यावर गार्लंड भिंतीकडे तोंड करून बसला होता. कान लाल.

"हॉइटला रोज विचारत होतो," तो म्हणाला. "म्हणायचा, आईला विचार. सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकटा मूर्ख."

"चुकलं माझं." हे दोन शब्द माझ्या तोंडाला सवयीचे नाहीत, खडीसारखे लागले.

प्रिव्हेटबाई आली, चेहरा थकलेला. "खटला कमजोर झालाय, हे खरं. हॉइट आणि त्याच्या मित्रांची साक्ष घेऊ, त्यांनी खुणा पाहिल्या होत्या. पण मित्रांच्या साक्षीला वजन कमी. भरपाई मिळेल की नाही, सांगता येत नाही."

"आणि पत्र?"

"सर्जनला आज पाठवते. खोटं बोलला असतात तर पाठवलं नसतं. ज्युरी नाही म्हणाली तर हे बिल तुमच्या डोक्यावर, एवढं लक्षात ठेवा."

मंगळवारी सकाळी त्याला ऑपरेशनसाठी आत न्यायला आले. त्याच्या कपाळावर घाम होता. चार दिवसांत तो माझ्याशी मोजून चार वाक्यं बोलला होता.

"घाबरलीस?" त्याने विचारलं.

"हो."

"मला वाटायचं तू घाबरत नाहीस."

"घाबरते म्हणून तर ओरडते."

तो छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग इथेच बस. आणि डॉक्टरला काही शिकवू नकोस."

दार बंद झालं. सर्जन आत जाताना माझ्यापाशी थांबला, म्हणाला पाच तास लागतील, काही विचारायचंय का. विचारायचं पुष्कळ होतं, सांगायचं त्याहून जास्त. मी मान हलवून नाही म्हटलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.