भरपेटचा भ

इराला अक्षरांचं वेड होतं, आणि वेडाला लागणारं निमित्त रुपालीबाईंनी पुरवलं. नऊ वर्षं चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटून झाल्यावर रुपालीबाई म्हाळुंगे रस्त्याला स्वतःची खानावळ काढत होत्या. नाव ठरलं होतं 'भरपेट' आणि उद्घाटन शुक्रवारी. बोर्डाचं काम इराकडे आलं. नोकरी सोडून घरून डिझाइन करायला लागल्यापासूनचं तिचं हे पहिलंच काम.

चार अक्षरांचा बोर्ड, त्यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. इरानं निगडीच्या फ्लॅटमध्ये बसून त्या चार अक्षरांना सदतीस फॉन्ट चढवून पाहिले. नवरीच्या शालूलाही इतका वेळ लागत नाही. एका फॉन्टमध्ये खानावळीचं मंगल कार्यालय झालं. दुसरा इतका टोकदार की घास घशाखाली उतरला नसता. तिसऱ्यात बालवाडी उघडल्यासारखं वाटत होतं. शेवटी एक जाडजूड, जेवून सुस्तावलेल्या माणसासारखा फॉन्ट सापडला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

तिथेच थांबली असती तर ही गोष्ट घडलीच नसती. पण हौसेला मोल नसतं. तिनं अक्षरांवरची शिरोरेषा काढून टाकली आणि तिच्या जागी चारही अक्षरांवरून जाणारी एक अखंड, वळणदार वाफ काढली. गरमागरम जेवण! 'पे'च्या मात्रेची तिनं पळी केली, दांडा डावीकडे आणि वाटी उजवीकडे. पळीवर तर ती स्वतःच इतकी खूश होती की दोनदा उठून लांबून बघून आली. मग रुपालीबाईंना फोटो पाठवला. उत्तर लगेच आलं, "छान हाय मॅडम."

मंगळवारी सकाळी ती कासारवाडीला हनीफचाचांच्या दुकानात गेली. चाचांनी उभी हयात हातानं बोर्ड रंगवले होते. आता ते ॲक्रिलिकची अक्षरं मशीनवर कापून देत. पण जुनी रीत त्यांनी सोडली नव्हती. कापण्याआधी बोर्ड कागदावर छापायचा, शटरला चिकटवायचा आणि रस्ता ओलांडून पलीकडून वाचायचा.

पलीकडे जाऊन चाचांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि तिथूनच ओरडले, "मरपेट? बेटा, हा काय पोटाचा दवाखाना आहे का?"

इरा घाबरून ओरडली, "भरपेट आहे, चाचा!"

"असेल. पण भ कुठंय?"

चाचा परत आले आणि कागदावर बोट ठेवून उभे राहिले. "भ आणि म म्हणजे जुळे भाऊ. फरक सगळा डोक्यात. मच्या डोक्यावर सरळ रेघ असते. भच्या रेघेला फट असते आणि फटीच्या कडेला ही एवढीशी गाठ. तुझ्या वाफेनं फट बुजवली आणि गाठपण गिळली. आता राहिला तो म."

इरानं डोळे ताणून पाहिलं. तिला अजूनही भच दिसत होता. गंमत म्हणजे तिची भीती कुठल्या कुठे पळाली आणि कुतूहल जागं झालं. आपल्याला दिसतो तो भ चाचांना का दिसत नाही? तिनं कागद सोडवला आणि तडक स्टेशन रोड गाठला.

चहावाल्याला विचारलं, "दादा, काय लिहिलंय?" तो म्हणाला, "मरपेट." पेरू विकणाऱ्या मावशीही मरपेट म्हणाल्या. चहा पिणाऱ्या एका कंडक्टरनं तर विचारलं, "हे मरपेट कुठं आलं? आपली बस जाते का तिकडं?" मग इरानं प्रश्न बदलला. समोर येणाऱ्याला आधीच सांगायला लागली, "खानावळीचं नाव आहे, वाचा बरं." आणि काय नवल, जो तो न अडखळता भरपेट वाचायला लागला! कागद तोच आणि अक्षरंही तीच. शब्दाचा अंदाज असला की माणूस अक्षर वाचतच नाही, पुढचं सगळं मनच पुरवतं. इराला तर नाचावंसं वाटलं. सदतीस फॉन्ट चाळून जे कळलं नव्हतं ते पेरूच्या गाडीशी कळलं होतं.

रुपालीबाईंना हे समोर बसूनच सांगायला हवं होतं. मोशीच्या ट्रॅफिकमधून स्कूटर काढत ती चाकणला पोचली. रुपालीबाई नव्या ओट्यावर कणीक मळत होत्या. इरानं कागद पसरला आणि उत्साहानं सगळं सांगितलं. "तुम्हाला नाव पाठ, म्हणून तुम्हालाही भच दिसला. सगळ्यांचं तसंच होतं."

रुपालीबाईंचे हात थांबले. "न्हाई मॅडम. मला मच दिसला होता."

"काय? मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी एकेक अक्षर लावून वाचती. पह्यला म आला. तिथंच अडकले, फुडं गेलेच न्हाई. लई वेळ बघत बसले. मग म्हटलं, आपली शाळा सातवीपतूर. मॅडम एवढ्या शिकलेल्या, आता नवीन भ असाच काढत असतील."

सबंध बाजाराला विचारत हिंडली होती इरा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे, आपल्याच खानावळीवर 'मरपेट' लागलेलं ही बाई आयुष्यभर मुकाट्यानं बघत राहिली असती, आपल्यालाच वाचता येत नाही असं समजून. इराला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि तिनं तसं सांगितलंही. "चूक माझी आहे. तुम्ही बरोबर वाचलंत. सगळ्यांच्या आधी तुम्हीच बरोबर वाचलंत."

रुपालीबाई नुसत्या हसल्या आणि पुन्हा कणकेला लागल्या.

इरानं तिथेच पिठाचा डबा सरकवून लॅपटॉप उघडला. वाफ भच्या डोक्यावर तोडली, फट मोकळी केली आणि गाठ चांगली ठसठशीत केली. मग स्क्रीन रुपालीबाईंकडे फिरवली. "आता वाचा. जे दिसेल तेच सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून काही नको."

रुपालीबाईंनी पदराला हात पुसले. बोट हवेत धरून, शाळेत धरतात तसं, त्या एकेका अक्षरावरून गेल्या. "भ." मान डोलली. "र." मग बोट पळीपाशी अडलं. त्यांनी एकदा पळीकडं पाहिलं, एकदा इराकडं.

"प... ट. भरपट," रुपालीबाई म्हणाल्या. आणि मग बऱ्याच दिवसांचं काहीतरी सुटल्यासारख्या खळखळून हसल्या. "अगं पोरी, ती पळी भांड्यात ठेव, आन् माझ्या पला मात्रा दे!"