पहाऱ्याला आलेला हंस

मित्रांनो, मी एक जुना पोकळ ओंडका आहे. ओंडका म्हटले की तुमची नजर चुलीकडे जाईल, म्हणून आधीच सांगतो, मी जळण नव्हे. जळलो पुष्कळ, पण ते आगीने नाही. तीच गोष्ट सांगणार आहे.

जावा बेटावर कालिदुरेन नावाची भातशेती करणारी एक वाडी आहे. तिथल्या एका फणसाच्या झाडापासून माझा जन्म झाला. झाड वादळात पडले, तेव्हा वाडीचे प्रमुख पाक सारिदिन म्हणाले, "याचे पलंग नकोत. याचा वाडीला ठोके देऊन सावध करणारा केंतोंगन करू." मग म्बाह मांगुन, म्हणजे मांगुन आजोबा, या म्हाताऱ्या सुताराने माझे पोट कोरले, छातीवर उभी लांब चीर पाडली आणि ठोकायला चिंचेच्या लाकडाची मोगरी घडवली. मला पहाऱ्याच्या चौकीपुढे टांगले. पहिला ठोका पडला तेव्हा माझा आवाज नदीपार गेला आणि पलीकडच्या जातिरेजो वाडीच्या केंतोंगनने मला उत्तर दिले. त्या दिवशी माझी छाती फुगली, ती पुढे कित्येक वर्षे फुगलेलीच होती.

मी नुसता वाजत नसे, बोलत असे. दोन-दोन ठोके म्हणजे घरात चोर. तीन-तीन म्हणजे आग. चार-चार म्हणजे नदीला पूर. पाच-पाच म्हणजे गुरे चोरीला गेली. कालिदुरेनमधले रांगते पोरही माझी भाषा ओळखायचे. वाडीतले पुरुष आळीपाळीने रात्रीचा पहारा करायचे, घराघरांतून मूठमूठ तांदूळ गोळा करायचे आणि माझ्यापाशी बसून उकडलेल्या कसाव्याच्या कंदाबरोबर गोड चहा प्यायचे. जाता-येता कुणी ना कुणी माझ्या अंगावर थाप मारायचे. "हा आहे म्हणून गोठ्यात गाय आहे," असे म्हणायचे. मित्रांनो, हे वाक्य ऐकायची मला चटक लागली होती. आणि चटक लागलेल्याच्या ताटातला घास दुसऱ्याने उचलला, तर काय होते ते तुम्हाला ठाऊक आहेच.

माझा घास उचलला एका हंसाने.

वाडीच्या टोकाला लासियेम नावाची विधवा राहत होती. तरणी होती, तोंडाची फटकळ होती. दुसऱ्यांच्या शेतात लावणी-कापणी करून तिने एक गाय घेतली होती. ती गाय आणि तिचे वासरू, एवढीच तिची इस्टेट. तिच्या घरात पुरुष नसल्यामुळे पहाऱ्याची पाळी तिला नव्हती. आणि आमच्या वाडीत बाईने मला हात लावायचा नाही असाही रिवाज होता. पण लोकांच्या पोटात दुखायचेच.

एकदा ती गवताचा भारा घेऊन चौकीवरून चालली होती. तुकिरान नावाचा गडी चहा फुंकत म्हणाला, "काय यू लासियेम, गाय तुझी आणि जागरण आमचं! तुझ्या घरचा गडी कधी यायचा पहाऱ्याला?"

मोठ्या बहिणीला म्हणतात तसे 'यू' म्हणाला खरा, पण सूर काही भावाचा नव्हता. बाकीचे हसले. लासियेमने भारा खाली टाकला आणि तिनेही दादा म्हणतात तसे 'कांग' म्हटले.

"आजच पाठवते, कांग. पण माझा गडी डुलक्या काढत नाही हो. तुमची पंचाईत होईल."

आणि दिवे लागायच्या वेळेला ती खरोखरच आली. काखेत तिचा पाळलेला नर हंस. पांढराशुभ्र, मान ताठ, चोच केशरी. ब्रेगस त्याचे नाव, म्हणजे रुबाबदार. तिने त्याला माझ्याच खांबाला बांधले. "घ्या. माझ्या घरची पाळी," म्हणाली आणि मान उडवून निघून गेली.

लोकांनी पोट धरधरून हसून घेतले. मला वाटले, सकाळी ही चेष्टा संपेल. पण झाले भलतेच. ब्रेगस पाचोळा हलला तरी ओरडे, मुंगूस गेले तरी ओरडे. पहारेकऱ्यांच्या लक्षात आले की हा जागा आहे तोवर आपण झोपलो तरी चालते. दुसऱ्या दिवशी तुकिरान स्वतः लासियेमच्या दारात गेला. "यू, तुझ्या गड्याला आजही पाठव की. फार इमानी आहे बघ!"

इमानी! मी इतकी वर्षे ऊन-पावसात लटकत होतो, मला हा शब्द कुणी कधी दिला नव्हता.

पुढे पुढे माझ्या डोळ्यांदेखत जे चालले ते सांगायलाही जीभ रेटत नाही. पोरे ब्रेगससाठी भाताच्या ओंब्या आणू लागली. बायका त्याला तांदळाचे धुवण पाजू लागल्या. मूठमूठ गोळा केलेल्या तांदळातला पहिला दाणा त्याच्या पुढे. घरोघर लोकांनी हंसाची पिल्ले आणली. पाहुणे आले की त्यांना ब्रेगस दाखवायचे. मी दोन हातांवर, तरी मला "हा जुना केंतोंगन" एवढेही कुणी म्हणायचे नाही. आणि तो मेला मान वेळावून माझ्या खांबाला अंग घासायचा, वर माझ्याच खाली घाण करायचा!

मी मनातल्या मनात म्हणायचो, तुला कोल्हा नेवो. तुझा घसा बसो. तुझ्यासाठी कुणीतरी मसाला वाटो. पण माझ्या शिव्या माझ्याच पोकळीत घुमायच्या. ठोकल्याशिवाय मला आवाज नाही, आणि ठोकणारे घोरत होते.

हळूहळू पहाराच बंद पडला. चौकीत कुणी गवत रचले. माझ्या डोक्यावरचे छप्पर गळू लागले, पावसाने एक कड सडली, भुंग्यांनी पाठीत भोके पाडली. मोगरी एका माणसाने नेली आणि बकरी बांधायला खुंटी म्हणून जमिनीत ठोकली. ती खुंटी मला इथून दिसायची.

मग कापणीचा हंगाम आला. त्या सकाळी सारी वाडी खालच्या शेतात उतरली होती. बाया, बाप्ये, पोरे, सगळे. घरे उघडी आणि हंसांच्या भरवशावर. ऊन चढल्यावर दोन माणसे वाडीत शिरली. डोक्याला रुमाल, हातात दोर, गुरांच्या दलालांसारखा वेश. मी त्यांना पाहिले. ते सरळ लासियेमच्या गोठ्यात गेले.

ब्रेगस ओरडला. मी खोटे बोलणार नाही, जीव तोडून ओरडला. एकाची पोटरी त्याने चोचीत धरली, तर त्या माणसाने त्याला लाथेने उडवले. तरी उठला आणि पुन्हा धावला. वाडीतले सगळे हंस त्याच्या सुरात सूर मिळवू लागले. असा गलका की आभाळ फाटावे.

खाली शेतात तो ऐकू गेला. तिथे काय झाले ते नंतर चौकीपुढेच बोलले गेले, म्हणून मला कळले. एकाने मान वर करून विचारले, "हंस का ओरडतायत रे?" तुकिरान म्हणाला, "टोफूवाला आला असेल. नाहीतर वारा सुटला असेल. त्यांचं रोजचंच आहे." आणि विळे पुन्हा चालू झाले.

चोर गाय घेऊन नदीवरच्या पुलाच्या वाटेला लागले. पलीकडे सडकेवर त्यांचा तिसरा सोबती ट्रक घेऊन उभा होता.

लासियेम कापणी करणाऱ्यांसाठी खाणे न्यायला म्हणून त्याच वेळी वर आली. गोठ्यात वासरू हंबरत होते, दावे कापलेले होते, ब्रेगस एक पंख ओढत दारात फिरत होता. ती उखळातले मुसळ उचलून माझ्याकडे धावत सुटली.

माझ्यापुढे येऊन मात्र ती थबकली. रिवाज तिलाही माहीत होता. चुकीचा ठोका पडला तर वाडी काय म्हणेल, हेही माहीत होते. मी मनात ओरडत होतो, मार बाई, मार! तिने इकडेतिकडे पाहिले, कुणीच नव्हते. मग तिने दात आवळले आणि दोन्ही हातांनी मुसळ हाणले.

पहिल्या ठोक्याला माझ्या तोंडून नुसती धूळ आणि भुंगे बाहेर पडले. आवाज निघाला तो घोगरा, खोकल्यासारखा. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण तिने थांबू दिले नाही. पाच ठोके, विश्रांती. पाच ठोके, विश्रांती. मुसळ जड होते, सडलेली कड फुटून उडाली, आणि मग माझा खरा गळा मोकळा झाला.

खालच्या शेतात विळे थांबले. पाक सारिदिन ताठ उभे राहिले. "पाच-पाच! अरे, गुरं नेली! पुलाकडे पळा!" पण पूल त्यांच्यापासून लांब होता. ते पोचले नसते. तेवढ्यात नदीपलीकडून जातिरेजोचा केंतोंगन बोलला, पाच-पाच. किती दिवसांनी ऐकला तो आवाज! जातिरेजोच्या लोकांनी दोन बैलगाड्या पुलाच्या तोंडावर आडव्या घातल्या. पुढे गाड्या, मागून कालिदुरेनची माणसे. चोरांनी दोर सोडला आणि नदीत उड्या टाकल्या. त्यातला एक सापडला, दुसरा निसटला, आणि तिसरा सोबती ट्रक घेऊन पळाला. गाय मात्र पुलाच्या मध्यावर उभी राहून रवंथ करत होती.

संध्याकाळी चौकीपुढे जेवण झाले. पिवळ्या भाताचा शंकू, वर अंडी, बाजूला केळीच्या पानांवर भाज्या. आता माझे नाव निघणार म्हणून मी कान टवकारले. तुकिरान उठला आणि म्हणाला, "पहिला घास ब्रेगसचा! लाथ खाल्ली, पण हटला नाही पठ्ठ्या!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंखाला चिंधी बांधलेला ब्रेगस पानावरचा भात टिपू लागला. माझ्या अंगाची अशी आग झाली म्हणता, की तीन-तीनचे ठोके माझे मीच वाजवावेत!

तेवढ्यात म्बाह मांगुन खाकरले. "ते सगळं ठीक. पण बाईनं केंतोंगन वाजवला. रिवाज मोडला."

लासियेम पानावरून उठली. "मोडला, म्बाह. गाय गेली असती तर रिवाजानं दूध दिलं असतं का माझ्या वासराला?"

ती पाक सारिदिनांकडे वळली. "पाक, मला पाळी द्या. हंस नको, मला द्या. कापणीच्या दिवसांत तुम्ही सगळे शेतात असता, तेव्हा दिवसाचा पहारा आम्ही बायका करू."

पाक सारिदिनांनी चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "तुकिरान, उद्या ती बकरीची खुंटी उपट. धुऊन यूच्या हातात दे."

दुसऱ्या दिवशी लासियेम खोबरेल आणि चिंधी घेऊन आली. माझ्या भोकांतली माती तिने काडीने काढली, तेल चोळले. ब्रेगस तिच्या पायांत घोटाळत होता. चोळता चोळता ती पुटपुटली, "ओरडायला काय, तो पण ओरडला. सांगितलंस ते तू."

मित्रांनो, हे ऐकून माझा मत्सर विरला असे मी म्हटले असते, तर गोष्ट छान झाली असती. तो विरला नाही. पुढची कित्येक वर्षे ब्रेगसला कुणी गोंजारले की मी धुमसायचोच. फक्त शिव्या देणे सोडले.

ब्रेगस म्हातारा होऊन मेला. माझ्याच खांबापाशी, उन्हात मान मुडपून. पोरे पाक सारिदिनांकडे धावली, "पाक, माणूस गेल्यावर वाजवतात तसा ब्रेगससाठी वाजवा ना!" पाक सारिदिनांनी त्यांच्या डोक्यांवरून हात फिरवला. "पाखरासाठी ठोका नसतो, बाळांनो."

लासियेमने त्याला परसात पुरले. त्या दिवशी माझी मोगरी माझ्या शेजारीच लटकत होती. कुणीतरी एकच ठोका द्यावा असे मला फार वाटले. दिला असता, तर इतका खणखणीत वाजलो असतो की जातिरेजोने कामे टाकून कान दिले असते. कुणी दिला नाही.

आता चौकीवर कर्णा बसवला आहे. मी त्याच्यावरही जळून पाहतो, पण त्यात राम नाही. तो माझ्या खांबाला अंग घासत नाही.

मित्रांनो, तुमच्या दाराशीही कुणीतरी तुमच्यासाठी जागत असेल. कुणाला चोच असेल, कुणाला हात, कुणी माझ्यासारखा लाकडाचा असेल. लाकूड असेल तर वर्षातून एकदा तेल लावा. आणि ऐकणारा जीव असेल तर त्याला आजच बरे म्हणा. माझे तेवढे म्हणायचे राहून गेले.