आधी पाणी

रामदासने कोकणातून पाठवलेली टोपली सकाळी सातला हडपसरला आमच्या दारात आली. आत ओल्या गोणपाटात वीस खेकडे, नांग्या सुतळीने बांधलेल्या. माझा नवरा विक्रम हिंजवडीची एसीतली नोकरी सोडून खाडीच्या चिखलात उतरला, तो यांच्यापायी. कांदळवनात जाळी लावून त्याचा भागीदार रामदास ते वाढवायचा, विक्रम पुण्यात गिऱ्हाईक शोधायचा. वर्षभरात एकच सापडलं, खराडीचं एक हॉटेल. त्यांची अट एकच, खेकडे जिवंत हवेत.

हॉटेलच्या माणसाला आणायला विक्रम निघाला. "टोपलीला हात लावू नकोस," म्हणाला. कारण सांगितलं असतं तर जीभ झिजली असती का?

टोपलीतून फसफस ऐकू येत होती. खेकड्यांच्या तोंडाला फेस आलेला. मला कसंतरीच झालं. आमच्याकडे दारी आलेल्याला आधी पाणी देतात, आणि हे तर पाण्यातलेच जीव! मी टब नळाच्या पाण्याने भरला, खाडीचे म्हणून मूठभर मीठ टाकलं आणि सगळे त्यात सोडले. मग स्वतःवर खूश होऊन चहा प्यायले.

साडेदहाला पाहते तर टब शांत. एकाला उलथन्याने हलवलं, तो हलला नाही. भराभर सगळे काढले, पुसले, टोपलीत भरून वर पहिल्यासारखं गोणपाट टाकलं.

अकराला हॉटेलचा माणूस विक्रमबरोबर आला. चार खेकडे उचलून पाहिले. "याला आपण जिवंत म्हणता?" एवढं विचारून निघून गेला.

विक्रमने तिथेच रामदासला फोन लावला, स्पीकरवर.

"मेलेला माल पाठवलास. तुझं-माझं संपलं आजपासून."



"गोणपाट मीच भिजवलं होतं, दादा," रामदास म्हणाला. "कमी भिजलं असेल. माझंच चुकलं."

मला माझीच लाज वाटली. "रामदास, तुझं काही चुकलं नाही. मी त्यांना टबात घातलं, पाण्यात."



"साठलेल्या पाण्यात गुदमरतात ते, वहिनी. ओल्या गोणपाटात चार दिवस जगले असते." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

माफी मागायची विक्रमला सवय नाही. "बरं, पुढची टोपली कधी पाठवतोस?"

"नाही पाठवत, दादा. वहिनींना ठाऊक नव्हतं. मी माल किती जपून बांधतो, ते तुम्हाला ठाऊक होतं, तरी विचारलंसुद्धा नाहीत."

फोन त्यानेच ठेवला.