‘मलाही तसंच वाटतं’ ऐकणारा हेडफोन

नेरूळच्या एका घरात खिळ्याला टांगलेला मी एक जुना हेडफोन. मित्रांनो, सगळ्यांचं सगळं माझ्या कानावर पडतं, पण निम्मं डोक्यात शिरत नाही. हा माझा जुना रोग आहे.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. दिपेशने वाशीच्या दुकानातून मला आणलं, तेव्हा माझं कोण कौतुक! ‘काय भारी आवाज आहे’ असं त्याचे मित्र म्हणायचे. मग त्याने बिनवायरीचे घेतले आणि मी कपाटाच्या खणात गेलो. तिथे दोन वर्षं धूळ खाल्ली. त्याचं लग्न झालं आणि त्याच्या बायकोने, सोनलने, मला बाहेर काढलं. माझी डावी गादी फाटली होती, ती तिने चिकटपट्टीने बांधली. तिचे ते उपकार मी विसरणार नाही.

सोनल एका संस्थेतर्फे ऑनलाइन इंग्रजी शिकवते. तिचे चार विद्यार्थी जपानमधल्या एकाच कंपनीतले. चर्चेत आपलं मत सांगायचं, त्याला कारण द्यायचं, वर एखादं उदाहरण द्यायचं, एवढंच त्यांना शिकायचं होतं. मला वाटलं, हे काय अवघड आहे? आमच्या घरात तर मताशिवाय कुणी चहासुद्धा पीत नाही.

पण गंमत बघा. सोनल प्रश्न विचारायची तो आधी मोरितासानांना, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मोरितारावांना. ते वयाने आणि हुद्द्याने मोठे. वडीलधाऱ्यांना आधी मान द्यावा, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. मोरितासान सावकाश मत सांगायचे. मग उरलेले तिघे एकामागून एक म्हणायचे, “मलाही तसंच वाटतं.” की पुढे शांतता. ती इतकी लांबायची, की माझीच वायर तुटली की काय, अशी मला शंका यायची!

सोनल विचारायची, “का वाटतं?” उत्तर यायचं, “मोरितासानांनी सांगितलंच आहे.”

संस्थेने शेवटी कळवलं, की शुक्रवारच्या वर्गात चौघांनी स्वतःची मतं मांडली नाहीत, तर हा वर्ग दुसऱ्याला देऊ. सोनलचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं, पण मी काय करणार?

शुक्रवारी दुपारी मी तिच्या गळ्यात होतो. जेवताना तिचे सासरे धर्मराज म्हणाले, “त्या किलासाचा काय खरा नाय. सोमवारपासून सोनल आपल्या दुकानाव बसंल. काय बोलता?”

“हो बाबा,” दिपेश म्हणाला.

“तुमी बोलता त्या बरोबर हाय,” सासूबाई भागीरथी म्हणाल्या.

“हो बाबा,” सोनलही म्हणाली.

मी चक्रावलो. दिवसभर ‘का’ विचारणारी ही बाई, आणि इथे ‘का’ कुणीच विचारलं नाही! वर्गाला बसल्यावर सोनलने मला कानांवर चढवलं. मग स्वतःशीच पुटपुटली, “अगं बाई, मी पण तेच केलं.”

विषय होता, शनिवारी कामावर यावं का? त्या दिवशी तिने पहिल्यांदा विचारलं ते हारुकाला, सगळ्यांत धाकटीला. हारुका गडबडली. मोरितासानांचं मत अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा हो म्हणायचं तरी कशाला? शेवटी ती म्हणाली, “मला वाटतं, येऊ नये. कारण शनिवारी काम नसतं. उदाहरणार्थ, गेल्या शनिवारी मोरितासान दुपारपर्यंत वर्तमानपत्र वाचत होते.”

माझा तर आवाजच बसला. मग कानात मोरितासान खदखदून हसले. “मला हे पटत नाही,” ते म्हणाले, “पण उदाहरण खरं आहे.” त्यानंतर उरलेले दोघेही बोलले, आपापल्या कारणांसकट. वर्ग वाचला.

पण घरात तर ‘हो’ म्हणून झालं होतं! मला गळ्यात तसंच ठेवून सोनल बाहेर आली. धर्मराज चहा पीत होते.

“बाबा, मी मघाशी हो बोलले, पण ते माझं मत नव्हतं. मला वर्ग सोडायचा नाही.”

“मंग तवाच का नाय बोललीस?”

“तुमी आधी बोललात ना, बाबा.”

धर्मराजांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण ते म्हणाले, “बरा. आता कारन सांग.”

तिने दोन सांगितली. एक उदाहरणही दिलं. धर्मराजांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुकानावर दुसरा माणूस ठेवायचं ठरवलं.

मित्रांनो, माणसं मला अजून नीटशी कळलेली नाहीत. ज्यांच्या मनात इतकं असतं, ती गप्प कशी बसतात? तुमच्या घरी काही ठरत असेल, तर एवढं करा. सगळ्यांत धाकट्याला आधी विचारा आणि तो बोलेपर्यंत थांबा. ती शांतता जरा लांबेल, पण घाबरू नका. वायर तुटलेली नसते.