चौथा मोजा

"हा वास वाइनचा की मोज्याचा, कसं कळायचं?" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं आणि अख्खी शेड खदखदून हसली.

"कालच धुतलेत रे, बाबांनो," व्हर्न म्हणाला.

टेबलावर सहा बाटल्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीवर त्याचा एकेक जुना फुटबॉलचा मोजा चढवलेला. आधी लेबल झाकायचं, मगच चव घ्यायची, ही त्याची बायको हेदर हिची पद्धत. अ‍ॅडलेडच्या विद्यापीठातल्या वाइन मंडळाची पोरं दर वसंतात बस करून क्लेअरच्या द्राक्षमळ्यांत यायची आणि त्यांच्यापुढे बोलायची ती हेदरच. वाइन करायची तीही हेदर. व्हर्न आपला पंप, नळ्या आणि ट्रॅक्टर सांभाळायचा. चार माणसांत बोलायचं म्हटलं की त्याच्या तोंडाला कुलूप. पण मागच्या हिवाळ्यात हेदर गेली, आणि मंडळाची अध्यक्ष पिप हिने फोन करून "यंदा येऊ ना आम्ही?" असं चाचरत विचारलं, तेव्हा तो हो म्हणून बसला.

त्यात त्याचा स्वार्थही होता. चौथ्या मोज्यात हेदरची शेवटची रिस्लिंग, तिची पांढरी वाइन, होती. औषधांनी तिच्या तोंडाची चव गेलेली असताना केलेली. ती कशी झालीय, हे त्याला कोणी धड सांगेना. शेजारचा केव्ह पहिल्या घोटाला "अप्रतिम" म्हणाला होता, पण दुसरा घोट काही त्याने घेतला नव्हता. आणि व्हर्नने स्वतः बाटली उघडली की डोळेच भरून यायचे, जिभेला काय कळणार? खरं बोलणार ती ही पोरं. कोणत्या मोज्यात काय आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पहिल्या तीन बाटल्या थट्टामस्करीत संपल्या. मग व्हर्नने चौथी ओतली.

"अगं आई गं!" पिपने तोंड वेडंवाकडं केलं. "केवढी आंबट! कुणी शिकाऊ माणसाने केलीय वाटतं."

व्हर्न फडकं घेऊन पुसलेलंच टेबल पुसत राहिला. झक मारली आणि ही बाटली ठेवली, असं त्याला झालं.

थुई नावाच्या मुलीने मात्र ग्लास अजून नाकाशी धरला होता. "शिकाऊ नाही गं," ती म्हणाली. "द्राक्षं लवकर तोडलीत. आणखी आठ-दहा दिवस थांबायला हवं होतं. एवढी कसली घाई होती यांना?"

"होती घाई," व्हर्न म्हणाला. अंगात उभं राहायचं बळ आहे तोवर तोडणी उरकायची, असं हेदरने ठरवलं होतं. त्याने घसा खाकरला. "म्हणजे बिघडलीय का?"

"छे हो! स्वच्छ आहे एकदम. आपणच चुकलो, आत्ता उघडायची नव्हतीच ही. एवढा आंबटपणा आहे म्हणून तर टिकेल. दहा-पंधरा वर्षं पडून राहू दे, मग बघा."

व्हर्नने खुर्ची ओढली. तो बसला.

शेवटी मोजे काढले. चौथ्या बाटलीवर हेदरचं नाव वाचून पिपचा चेहरा उतरला. "व्हर्न, मला माहीत नव्हतं हो... मी काहीतरीच बोलले..."

"माफी मागितलीस तर खबरदार!" व्हर्न म्हणाला. "ती गेल्यापासून मला सगळे गोडच बोलतायत. खरं बोललात ते तुम्हीच. फार उपकार झाले, पोरांनो." त्याचा आवाज ओला झाला होता आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

बस निघायच्या वेळी त्याने आतून त्याच रिस्लिंगची दुसरी बाटली आणली, फुटू नये म्हणून तिच्यावर टेबलावरचाच एक मोजा चढवला आणि थुईच्या हातात दिली.

"तू म्हणालीस ना, मग तेवढी वर्षं तूच थांब."

"पण उघडायला इथेच आणणार मी."

"मी नसलो तर?"

"तरी इथेच."

बस गेल्यावर त्याने ग्लास विसळले आणि मोजे गोळा केले. दोन जोड्या नीट लागल्या. एक मोजा एकटाच उरला. पुढच्या वसंतात लागेल म्हणून त्याने त्याचीही घडी घातली आणि बाकीच्यांत ठेवून दिला.