अठरा कडा

तपासनीस बाईंनी नखाने ओढली तशी रबराची पट्टी सबंध निघून त्यांच्या हातात आली.

"मिस्टर कॅटरॉल, हे काय?"

"भोकांच्या कडांना लावलेलं रबर," मी म्हणालो.

"लावलेलं कुठं, नुसतं अडकवलंय. माझ्या नखानं निघतंय, मग अपघातात काय टिकणार? आणि आत धार आहे."

स्टीअरिंगच्या तीन दांड्या, प्रत्येकीला तीन भोकं. गाडी रस्त्यावर आणण्याआधीच्या या तपासणीत बाकी सगळं पास झालं होतं. ब्रेक, दिवे, पट्टे, सायलेन्सर, सगळं. सुट्या भागांतून मी गॅरेजमध्ये पाच वर्षं जोडलेली गाडी, आणि ती अडली हातात धरायच्या चाकावर. बाईंनी कागदावर एकच ओळ लिहिली आणि 'नापास'वर शिक्का मारला.

बाहेर नॉरिस ट्रेलर घेऊन थांबला होता. घरी गाड्या जोडणाऱ्यांच्या आमच्या क्लबातला हा माझा सगळ्यात जुना मित्र.

"सांगत होतो ना, गाढवा! क्लबाचं चाक लाव म्हणून."

क्लबाचं चाक म्हणजे काळं, गुबगुबीत, उशीसारखं मऊ. ते एका गाडीतून दुसऱ्या गाडीत फिरत असतं. तपासणीच्या दिवशी बसवायचं, पास व्हायचं, दुसऱ्या दिवशी काढून पुढच्याला द्यायचं आणि स्वतःचं आवडतं चाक लावायचं. सगळेच तसं करतात. नॉरिसनेही केलं होतं.

"मला नको," मी म्हणालो.

"अरे, दोन दिवसांचा प्रश्न आहे. ग्लेनिसचं चाक कपाटात ठेव, मग परत लाव."

"दोन दिवस तिला कपाटात ठेवू?"

नॉरिस खाली वाकला. ट्रेलरचे पट्टे आवळत राहिला.

ग्लेनिस, माझी बायको, बेकप गावाजवळच्या स्लिपरच्या कारखान्यात एकतीस वर्षं शिवणकामाला होती. मी बस डेपोत फिटर. गाडीचं वेड माझं, पण रात्रंदिवस गॅरेजात पडलेल्या नवऱ्याला ती कधी टाकून बोलली नाही. स्टूल घेऊन शेजारी बसायची आणि मला नटबोल्ट द्यायची. शेवटच्या हिवाळ्यात तिला गॅरेजपर्यंत चालवेना, म्हणून मी चाकच तिच्या खुर्चीत नेऊन दिलं. दोन सुया घेऊन तिने त्याच्या बाहेरच्या गोल कड्यावर चामडं शिवलं. "स्लिपरपेक्षा सोपं आहे," म्हणाली, "याला टाच नाही." मार्चमध्ये ती गेली.

कडा कानशीने गोल करायच्या हे मला आधीच कळत होतं. पण कानस चालवताना चामड्याला लागेल या भीतीने मी रबरावर भागवलं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बस दुरुस्त केल्या, असलं कच्चं काम कधी केलं नव्हतं.

घरी येऊन चाक काढलं. कड्याला टॉवेल गुंडाळला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात बसलो. नऊ भोकं, दोन्ही बाजूंनी अठरा कडा. दिवसाला एक. बारीक गोल कानशीने चार हात मारायचे, पुसायचं, गोलाई मोजायची पोलादी पाती लावून बघायची. पातीखालून उजेड दिसला की परत घासायचं. नॉरिस अधूनमधून खायला पोर्क भरलेली पेस्ट्री घेऊन यायचा.

"क्लबाचं चाक डिक्कीत आहे हां."

"राहू दे."

"हट्टी म्हातारा आहेस."

"किटली ठेव."

बाराव्या कडेला कानस सटकली. टॉवेलमधून आत गेली आणि ग्लेनिसचा एक टाका तुटला. मी कानस खाली ठेवली. दोन दिवस टेबलाकडे गेलो नाही. तुटका टाका सुटत गेला तर शेजारचे सुटणार, आणि सुटं चामडं तपासणीत चालत नाही. शेवटी तिचा शिवणाचा डबा काढला. मेणाचा दोरा, त्या दोन सुया. दोरा ओवायलाच मला पाऊण तास लागला. तिचा टाका कसा जातो ते शेजारच्या टाक्यांवरून पाहिलं आणि तुटल्या जागी एक घातला. तो वाकडा आला. उसवून परत घातला. तरी थोडा वाकडाच.

महिन्याने पुन्हा त्याच केंद्रात. त्याच बाई. नॉरिस आत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला, त्याच्या काखेत क्लबाचं चाक होतं.

"ते कशाला आणलं?"

"न जाणो."

बाईंनी त्यांची पाती काढली. एकेका भोकात बोट फिरवलं, पाती लावली, वाकून पाहिलं. पुढून नऊ, मागून नऊ. मी श्वास मोजत होतो की भोकं, सांगता येणार नाही. मग त्यांनी दोन्ही हातांनी कडं धरून चामडं पिळून पाहिलं. अंगठा एका जागी थांबला.

"हा टाका वेगळा आहे."

"तो माझा आहे. बाकीचे बायकोचे."

त्यांनी नखाने टाका ओढला. चांगला जोर लावून ओढला. टाका हलला नाही.

"शिकवणारी चांगली होती," त्या म्हणाल्या आणि कागदावर सही केली. "पास. गाडी चालवत घेऊन जा."

नॉरिसने क्लबाचं चाक डोक्यावर धरून आरोळी ठोकली. बाई हसल्या. मी हसलो की नाही आठवत नाही.

मी गाडी सुरू केली. नॉरिस रिकामा ट्रेलर घेऊन मागून हॉर्न वाजवत येत होता. गावाबाहेरच्या सिग्नलला थांबलो तर शेजारच्या लॉरीचा ड्रायव्हर खिडकीतून वाकला.

"काय मस्त गाडी आहे, आजोबा! एकट्यानं बनवली?"

"दोघांनी," मी म्हणालो.

त्याने माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. तेवढ्यात दिवा हिरवा झाला. त्याने लॉरी जागची हलवली नाही, आधी मला जाऊ दिलं.